सासऱ्याच्या घरचं लाकूड

झारिया, १० फेब्रुवारी १९८८

लागोसला असणाऱ्या माझ्या थोरल्या मुलास बापाचा सलाम.

सात वर्षांत हे पहिलंच पत्र. लॉरीवाला गांबो म्हणतो, तुझं फाटक त्याला ठाऊक आहे. एका बंगल्यापाशी बाकावर बसलेला असतोस, गाडी आली की उघडतोस, गेली की लावतोस. मी त्याला विचारलं, आसपास बांधकाम चाललं असेल तर माझा मुलगा बघायला जातो का? गांबो हसला. "चाचा, समोरच चार मजले चढतायत. तो तिकडे पाठ करून बसतो."

म्हणून लिहायला बसलो. कारण एवढंच नाही, पण तूर्त एवढंच समज.

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. धाकटा शिवणयंत्र घेऊन बसलाय, मातीत हात घालायला तयार नाही. त्याला मी काही म्हणत नाही. माझा उजवा खांदा गेला. थापी छातीच्या वर जात नाही. गवंड्यांच्या पंचायतीत अजून मानाची चटई मिळते, पण ती आता वयाची.

परवा एका नव्या घरावर गेलो होतो. सकाळी माती भिजवली आणि दुपारी कच्च्या विटांचे भेंडे पाडायला बसले. मी म्हटलं, अरे, भुसा तरी कुजू द्या. तर तो कालचा गवंडी मला सांगतो, "उस्ताद, गिऱ्हाईकाला घाई आहे." घाई गिऱ्हाईकाला असते, मातीला नसते. चिखल असा आंबला पाहिजे की शेजारच्यांनी भांडायला यावं. तू वीस वीस दिवस तुडवायचास. शेवटच्या कामावरही वीस दिवस तुडवला होतास, मी रोज येता-जाता बघत होतो.

असो. मल्लम इलूच्या मदरशात गेलो होतो. ती मुलींची खोली आपण तू गेलास त्याच साली बांधली. कोपऱ्यातून वाळवीची एक ओळ वर चढलीय, करंगळीएवढी. नर ताडाला वाळवी शिवत नाही हे तुला सांगायला नको. तेव्हा उगाच चढली असेल. पण एक विचारतो. त्या साली आलेला लाकडाचा ढीग आपण कसा वाटला होता? कापडवाल्याच्या देवडीला किती वासे गेले, मदरशाला किती? मला नीट आठवत नाही.

तुझा बाप,
बराऊ


झारिया, २० मार्च

मुला,

गांबो सांगतो, तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि त्याला थंड पाणी दिलंस. उत्तर दिलं नाहीस. बरोबर आहे.

मला आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं. वीस वासे आले होते. नऊ तू कापडवाल्याच्या देवडीला घेतलेस, अकरा मी मदरशाला.

आता पुढचंही लिहितो, नाहीतर हा कागद परत हातात धरवणार नाही.

देवडी पडली आणि आपला टोपलीवाला अजुजी खाली सापडला. त्याचे पाय गेले. पंचायत बसली तेव्हा म्हातारे म्हणाले, चिखल कच्चा होता, पोराचा हात कच्चा होता, पहिलीच कमान कुणी एवढी रुंद घालतं का. मी चटईवर होतो. तू माझ्याकडे बघत होतास. मी मूग गिळून बसलो. लोकांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला, की थोरल्याची बाजू बाप घेत नसतो. आपल्यात घेत नाहीतच. थोरल्याला चारचौघांत मांडीवर घ्यायचं नाही, त्याचं नाव तोंडाने काढायचं नाही, कौतुक तर दूरच. मी त्या रिवाजाआड लपलो. आडोसा मोठा सोयीचा होता.

चिखल कच्चा नव्हता. त्या दुपारी मी कमानीच्या पोटातल्या तुटलेल्या वाशाचं टोक उचललं होतं. नराचं लाकूड काळ्या धाग्यांनी गच्च असतं. हे आतून पांढरं होतं, भिजल्या रव्यासारखं. मादी ताड! मी ते टोक घोंगड्यात गुंडाळून आणलं आणि परसात भेंडीच्या वाफ्यात पुरलं. तुझी आई म्हणाली, भर पावसात कसली खणाखणी? मी म्हटलं, खत घालतोय.

लाकूड कुणाचं होतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांचं. शेकराऊंचा माल म्हणजे या शहरात आणाभाका घ्यायचा माल. पण ते माझे सासरे. त्यांच्यासमोर मी आजही वहाणा काढून उकिडवा बसतो, मान वर करत नाही. ते स्वतः गाडीबरोबर आले होते. त्यांच्या देखत सुताराचा वाकस उलटा धरून एकेक वासा ठोकून बघायचा, कान लावायचा, टोक छिलायचं? म्हणजे त्यांच्या शब्दाला ठोकून बघितल्यासारखं. मी नजर खाली घालून म्हटलं, रचून ठेवा.

ते गेल्यावर ठोकता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. ठोकलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर बोलावं लागलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावा कुणाला घ्यायचा?

त्यातले अकरा वासे मदरशावर आहेत. खाली चाळीस मुली बसतात. वाळवीची ओळ आता बोटभर रुंद झालीय. मी मल्लमला म्हटलं, छत जुनं झालं, पावसाआधी उतरवून नवं घालू. तो म्हणाला, "सात वर्षांचं छत जुनं? तुमच्या वडिलांनी घातलेली मशीद साठ वर्षांची आहे, उस्ताद. तुमचं वय झालंय, छताचं नाही." मी हसलो. खरं कारण ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

पाऊस पडायच्या आत काहीतरी करीन. बघू.

बराऊ


झारिया, २१ मे, ईदनंतरचा चौथा दिवस

मुला,

ईद मुबारक. तुझ्या आईने तुझ्या वाटणीचं मटण या वर्षीही शेजारी पाठवलं. कुणाच्या नावचं ते बोलली नाही, पण वाटी तुझी होती.

पाऊस सुरू झाला. मी काहीच केलेलं नाही.

वाईटावर वाईट म्हणजे कापडबाजारातल्या एका हाजींनी मदरशाला सिमेंट दिलं. छतावर बाहेरून दोन बोटं सिमेंटचा गिलावा चढला. रमजानात चढला, म्हणून पुण्य दुप्पट. सगळे म्हणतायत, काय देखणं झालं! मातीच्या अंगाला सिमेंटचा सदरा. मातीला श्वास लागतो रे. दोरावाच्या शेंगांचं पाणी पाजून केलेला आपला गिलावा पाणी बाहेर ठेवायचा आणि आतली ओल जाऊ द्यायचा. हे सिमेंट एका चिरेतून पाणी आत घेतं आणि मग सोडत नाही. वर वजन किती वाढलं ते वेगळंच. मी समोर उभा होतो. कुणीतरी म्हणालं, उस्तादांना पसंत दिसत नाही. मी म्हटलं, छान आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. माझी मूठ झाकायला लोकच सिमेंट घेऊन आले.

तेव्हापासून मी रोज सकाळी मदरशात जातो. तिसऱ्या कमानीखाली, जिथे ओळ वर गेलीय, बरोबर तिथे चटई टाकून बसतो. म्हणतो, म्हातारपणी चार आयती कानावर पडू देत. खरं म्हणजे वर बघत बसतो. काही कुरकुरलं तर पोरींना बाहेर हाकलायला एक हाक तरी मारता येईल. हा काय उपाय झाला? नाही झाला. मला कळतं.

दाराशी अजुजी बसतो, दोर वळत. मल्लमने त्याला ती जागा दिलीय. तो कानोचा आणि मी झारियाचा, तेव्हा एकमेकांची टर उडवायचा दोघांनाही पिढीजात परवाना. पाय गेले तरी त्याने तो सोडलेला नाही. पहिल्या दिवशी मला बघून ओरडला, "या, या! झारियाकर साठीला आले आणि अलिफ-बे शिकायला लागले! आम्ही कानोकर हे पाळण्यात उरकतो."

मी म्हटलं, "म्हणूनच पुढे काही शिकत नाही."

रोज असं चालायचं. परवा पोरी खेळायला बाहेर गेल्या आणि तो दोर बाजूला ठेवून हातांवर सरकत आत आला, माझ्या शेजारी. वर बघितलं आणि म्हणाला, "तिसरी कमान ओठ काढून बसलीय, उस्ताद."

"ओल आहे," मी म्हटलं.

"ओल! मला काय सांगताय? सात वर्षं मी खाली बसून वर बघतो. दुसरा धंदा काय मला?" मग म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी देवडी माझ्या अंगावर आली ना, तेव्हा वासे पोटावर होते आणि भिंत पायांवर. पाय गेले ते मातीने. वासे मी स्वतः हाताने ढकलले. नर ताडाचा वासा उचलायला दोन गडी लागतात, मी एकट्याने ढकलला. हलका होता, म्हणून जगलो. चांगलं लाकूड वापरलं असतंत तर मेलोच असतो. तुमचे उपकारच म्हणायचे!"

आणि हसला. मला हसता येईना. मी विचारलं, "पंचायतीत का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं? मी मातीची टोपली वाहणारा. आणि उस्ताद गप्प होते. उस्ताद गप्प म्हणजे त्यांना काहीतरी जास्त कळत असणार, असं मला वाटलं." मग हसणं थांबवून म्हणाला, "तुमचा पोरगा माझ्या उशाशी तीन दिवस रडत बसला होता. त्याला तरी सांगायचं होतंत."

त्या संध्याकाळी मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती बाजरी निवडत होती. तिच्या बापाचं नाव आलं तेव्हा हात थांबला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही कुणाची लाज राखताय? माझ्या बाबांची की स्वतःची?"

मी जमिनीवर सांडलेली बाजरी वेचत राहिलो.

"बाबा ऐंशीचे झाले. त्यांची लाज त्यांच्याबरोबर जाईल. त्या पोरी सहा-सात वर्षांच्या आहेत. आणि माझं..." पुढे तिने तुझं नाव घेतलं नाही. ती तुझी आई, तिलाही बंदीच आहे. सूप उचलून आत गेली. तलातू अशी माझ्याशी तीस वर्षांत बोलली नव्हती.

मी फार थकलोय. पण हे थकणं कामाचं नाही. कामाने दमलेला माणूस झोपतो तरी.

बराऊ


झारिया, ४ जून

मुला,

काल जुम्मा होता. नमाज संपली, लोक वहाणा शोधत होते, तेव्हा मी उभा राहिलो. तुझे आजोबा पहिल्या रांगेत होते. आता त्यांना जवळजवळ दिसत नाही, नातवंडं धरून आणतात.

मी म्हटलं, "मदरशाची खोली आजपासून बंद करा. वर मादी ताडाचे वासे आहेत. मी ते ठोकून घेतले नव्हते. कापडवाल्याच्या देवडीतही तेच होते. माझा मुलगा बिल्यामिनू याने चिखल वीस दिवस तुडवला होता. त्याच्या कामात खोट नव्हती. पंचायतीत मी गप्प बसलो, तो गुन्हा माझा."

काय झालं असेल सांग. चाळीस पोरींच्या डोक्यावरचं छत राहिलं बाजूला. सगळे माझ्याकडे बघायला लागले ते तुझं नाव घेतलं म्हणून! एकाने खाकरून मान वळवली. पंचायतीतला एक म्हातारा पुढे येऊन हळूच म्हणाला, "बराऊ, अरे थोरल्याचं नाव? मशिदीत?" जसा काही मी सदरा काढून नाचलो. मला एकदम राग आला. मी म्हटलं, "छत पडून पोरी मेल्या असत्या तर नावं घ्यावीच लागली असती. एकेकीचं."

लाकूड कुणी दिलं ते मी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, सगळ्यांना ठाऊक. पण नजरा खाली.

तुझे आजोबा उठले. हात पुढे करत करत आले आणि मोठ्याने म्हणाले, "लाकूड माझं होतं."

मी वहाणा काढायला वाकलो, तर पायात वहाणा नव्हत्याच.

ते म्हणाले, "ठोकलं का नाहीस?"

"तुमचा माल कसा ठोकू, बाबा?"

"मूर्खा! माझे डोळे त्याच्या आधीच दोन वर्षं गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. पोरं रानातून तोडून आणायची, मी नुसता हात फिरवून गाडीत भरायचो. मनात म्हणायचो, माझं चुकलं तरी बराऊ ठोकून घेईल. शहरातला सगळ्यात चांगला कान माझ्या जावयाचा आहे." श्वास लागला होता त्यांना. "तू ठोकलं असतंस तर मी रागावलो असतो. वर्षभर तुझ्या घरचं पाणी प्यायलो नसतो. पण लाकूड परत नेलं असतं, रे."

एवढं बोलून ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी तिथेच उभा. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, माणसावर ठेवू नका, ठोकून घ्या. आणि ते आंधळे होते, मी मान खाली घातलेली. आम्ही दोघेही एकमेकांच्या भरवशावर.

आज सकाळी छत उतरवलं. सिमेंट फोडायला घाम निघाला. मला वर चढता येईना. अजुजीला चटईवर मधोमध अंगणात बसवलं, तोच ओरडत होता, "ए, डावीकडून आधी! तो वासा नाही रे, त्याच्या शेजारचा! झारियाकरांना हात दिले देवाने, अक्कल कानोहून मागवावी लागते!" अकरातले आठ पोकळ निघाले. एक खाली घेताना हातातच मोडला, आतून पीठ सांडलं. मल्लम इलूने ते पीठ मुठीत घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि पोरींची पाट्या ठेवलेली पेटी उचलून बाहेर नेली.

बराऊ


झारिया, १० जुलै

बिल्यामिनू,

आता नाव सुटलंच आहे तोंडातून, तर कागदावरही येऊ दे.

मदरशावर पत्रे बसले. दोन दिवसांत काम झालं, ना चिखल, ना वाट बघणं. पाऊस आला की पोरींना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, दुपारी आत भट्टी होते. पण पडणार नाही. त्याआधी मी म्हटलं होतं, एखादा चांगला गवंडी बघून कमानी घालू, तर मल्लम हात जोडून म्हणाला, "उस्ताद, पुरे." आमच्या कामावरचा लोकांचा विश्वास उडाला. तो मी उडवला. वाईट वाटतं, पण तक्रार कुणाकडे करू? मानाची चटई मी स्वतःहून परत केली. कुणी फार आग्रह केला नाही.

तुझे आजोबा महिनाभर बाहेर पडले नाहीत. तुझी आई रोज बाजरी-दुधाचा फुरा घेऊन जाते. मी जातो, उकिडवा बसतो. गेल्या जुम्म्याला त्यांनी माझ्या दिशेला पाहुण्याला देतात त्या कोलाच्या बीचा अर्धा तुकडा सरकवला.

गांबो सांगत होता, तू समोरच्या बांधकामावर गेलास. वाळूच्या ढिगातली चिमूट जिभेवर ठेवलीस, थुंकलीस आणि मुकादमाला म्हणालास, ही खारी आहे, समुद्राची आहे, सळ्या खाईल. त्याने तुला हाकलून दिलं. पुन्हा जा. पुन्हा हाकलील. तरी जा.

परत ये असं मी लिहीत नाही. इथे आता कमानी कुणाला नकोत आणि बापाचं तोंड बघायला तू यावंस असं मी काही केलेलं नाही. यायचं असेल तर तुझ्या आईसाठी ये.

आता राहिलं ते शेवटचं. तू गेलास त्यानंतर दीड महिन्याने लागोसहून एक चिठ्ठी आली होती. सलाम नाही, खुशाली नाही. एकच ओळ, "बाबा, माझा हात चुकला का?" ती मी कुणाला दाखवली नाही. तुझ्या आईलाही नाही. ती सात वर्षं विचारत राहिली, एक चिठ्ठी तरी टाकायची होती पोराने. मी ऐकत राहिलो. हे तिला काल सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

काल तिथूनच उठून कापडवाल्याकडे गेलो. अजुजीला हातगाडीवर घेतलं. देवडीचा उत्तरेकडचा भाग तेव्हा पडला नव्हता, आठवतं? तिथले तीन वासे तू आपल्या जुन्या साठ्यातले घातले होतेस, माझ्या वडिलांच्या वेळचे. कापडवाला तिथे शेळ्या बांधतो. मी वाकस मागितला, तिन्ही वासे ठोकले, सांधे ठोकले, जिथे भेंडा कमानीला मिळतो तिथे नखाने खरवडून बघितलं. अजुजी म्हणाला, "उस्ताद, शेळ्यांची झोपमोड होतेय." तासभर बघितलं. कुठे केसाएवढी चीर नाही. असा सांधा मला तुझ्या वयात जमत नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

नाही, पोरा. तुझा हात चुकला नव्हता. हे मला तुझी चिठ्ठी वाचतानाही माहीत होतं.

तुझा बाप,
बराऊ